गोल ओंडक्याला बंदी

५ जानेवारी

शालकराव,

आशीर्वाद. आशीर्वादांवर अजून जकात बसलेली नाही, म्हणून अनेक.

तू भेट म्हणून पाठवलेला सागाचा ओंडका पोचला. फुकट. आता फुकटचा हिशेब ऐक. बोटीचं भाडं तू भरलंस, उपकार झाले. पण एकटा ओंडका कुठल्या रकान्यात लिहायचा हे बंदरावरच्या कारकुनाला कळेना. त्याला कळेपर्यंतचं जागाभाडं माझं. कीड नसल्याचा तुझ्याकडचा दाखला इकडे चालेना, नवा काढला. क्रेनवाला एका ओंडक्याला आणि चाळीस ओंडक्यांना सारखेच पैसे घेतो. एवढं करून तो वखारीत आला, आपल्या ओळंब्यानं करवतीवर चढवला, आणि पोटात खिळा निघाला. पात्याचे दात गेले. तुझ्याकडे झाडांना पाट्या ठोकतात काय? थोडक्यात, तुझ्या फुकटच्या ओंडक्याच्या खर्चात मला दोन नवी पाती आली असती. तुझी ताई म्हणाली, "माझ्या भावानं प्रेमानं पाठवलंय." मी म्हटलं, त्याला लिहितो, पुढच्या वेळी प्रेम पाकिटातून पाठव.

ओळंबा तुला आठवत असेल. तू गेलास तेव्हा भुशाची पोती भरायचा. आता माझा मुख्य मिस्त्री आहे. उभा राहतो सरळ, कापतो सरळ, बोलतो त्याहून सरळ, म्हणून ओळंबा. त्यानं तुझा ओंडका चिरून पाहिला आणि म्हणाला, "शेठ, पोरगेलं लाकूड आहे." मी म्हटलं, माझा शालकही तसाच होता, तिकडे गेला आणि वयात आला.

बघ दिवस कसे फिरलेत. तू तिकडे गेलास तेव्हा तुमचा देश आमच्याकडून साग न्यायचा. आमच्या बंदरात तुमच्या बोटी रांग लावून उभ्या असायच्या आणि तुझा तिकडचा मालक माझ्याशी बोलताना खुर्चीवरून उठायचा. मग आमच्या सरकारनं जंगलतोड थांबवली, गोल लाकूड बाहेर न्यायला बंदी घातली. आणि आता मी तुझ्या बागायती सागासाठी तुला पत्रं लिहितो. आमचा साग म्हणजे जंगलात एकट्यानं वाढलेला, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. तुमचा साग म्हणजे वसतिगृहातली पोरं. सगळ्यांची उंची एक, सगळ्यांचे केस एकाच न्हाव्यानं कापलेले.

तरी सहा कंटेनर पाठव. माप दोरीचं धरायचं.

तुझा,
दाजी

२४ जानेवारी

दाजी,

नमस्कार, वाकून, गुडघा दुखत असतानाही.

खिळ्याबद्दल माफी. ती पाटी मीच ठोकली होती. 'झाडाला खिळे ठोकू नयेत' अशी.

वसतिगृहाच्या पोरांबद्दल एवढंच म्हणतो, की त्यांचं बी तुमच्याच जंगलातलं आहे. तुमच्या देशानं शंभर वर्षं आजोबांनी वाढवलेली झाडं विकली आणि स्वतः एकही लावलं नाही. आम्ही विकत घेता घेता गुपचूप बी आणलं आणि रांगेत लावलं. तुम्ही वारसा खाल्लात, आम्ही पगार खातो. पगार बारीक असतो, कबूल, पण दर महिन्याला येतो.

मापाचं मात्र जमणार नाही. तुमची दोरी मी विसरलेलो नाही. ओंडक्याचा घेर दोरीनं घ्यायचा, दोरीच्या चार घड्या करायच्या, आणि एक घडी म्हणजे ओंडक्याची एक बाजू समजायची. गोलाचा चौकोन होताना जे कडेनं गळतं ते घेणाऱ्याचं. त्या काळी घेणारे आम्ही होतो, आणि तुमचा देश पाच ओंडके देऊन चारांचे पैसे घ्यायचा. आणि वर मिरवायचा, "एवढं लाकूड आम्ही जगाला विकलं." प्रत्यक्षात त्याहून जास्त विकलं होतं, पण ते मोजणारी दोरीच नव्हती. आता देणारे आम्ही आहोत, आणि आमच्याकडे गोलाला गोल म्हणून मोजतात. ताईला सांगा, भाऊ बदलला नाही, माप बदललं.

एक गोष्ट थट्टा सोडून. इथे कार्यालयांतून कुजबुज आहे की जुलैपासून गोल ओंडके देशाबाहेर जाऊ देणार नाहीत. कापा, फळ्या करा, मग न्या, असं म्हणतायत. अजून कुजबुजच आहे, पण कुजबुजणारे मोठ्या खुर्चीवरचे आहेत. मी तयार फळ्या पाठवल्या तर घ्याल का, याचा विचार करून ठेवा.

तुमचा,
शालक

१२ फेब्रुवारी

शालकराव,

तुझं पत्र वाचून ताईला म्हटलं, तुझा भाऊ व्यापारी झाला बरं का. आधी दोरी तोडली, मग भाव चढवायला बंदीची आवई उठवली. माझ्याच वखारीत शिकला आणि मलाच पाणी पाजतोय.

फळ्या? अरे, मला फळ्या विकून तू काय मला दुकानदार करणार? माझ्याकडे मोठी करवत आहे. सकाळी ती सुरू झाली की अख्ख्या रस्त्याला कळतं, शेठ जागा आहे. समोरचा शिंपी घड्याळ त्यावर लावतो. वखारीत अकरा माणसं आहेत, त्यांतली नऊ त्या करवतीभोवती. ओंडका आला पाहिजे, त्यावर पाणी पडलं पाहिजे, पात्यानं आवाज बदलला पाहिजे. मी ऑफिसात पाठमोरा बसून सांगतो, आत गाठ आहे की पोकळी. फळी काय, तिला ऐकू येण्यासारखं पोटात काही नसतंच.

आणि तुमच्याकडे झाडं असतील रे. पण झाड पाडणं वेगळं आणि कापणं वेगळं. कापायला हात लागतो. तो हात ओळंब्याकडे आहे, आणि ओळंब्याकडे तो कुठून आला? माझ्याकडून. मी याच करवतीवर पाठीचा कणा झिजवून वखार उभी केलीय. उद्या ओळंबा रजेवर गेला तर आजही मी डोळे मिटून फळी काढीन, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचाही फरक पडणार नाही.

तेव्हा बंदीचा बागुलबुवा नको. सहा कंटेनर, गोल. माप तुझं, जा.

दाजी

ता. क. तुझी भाची म्हणते, मामा खोटं बोलत नाहीत. तिला व्यापार अजून शिकायचाय.

२ एप्रिल

दाजी,

हुकूम निघाला. एक जुलैपासून गोल ओंडका बाहेर जाणार नाही. तुमचे सहा कंटेनर मी घाईनं बोटीवर चढवलेत, हे शेवटचे.

मला तुम्हाला चिडवायचं होतं, पण हात चालत नाहीये. तुम्हाला आठवत नसेल. तुमच्या देशानं गोल लाकूड बंद केलं तेव्हा तुम्ही मला आधीच लिहिलं होतं, "शालका, दुसरी नोकरी बघ, तुझ्या गिरणीला ओंडके मिळणार नाहीत." आणि खाली चिडवून लिहिलं होतं, "नाहीच मिळाली तर परत ये, भुसा भरायला माणूस हवाच आहे." मला वाटलं, दाजी घाबरवतायत. गिरणीत सगळ्यांना वाचून दाखवलं आणि खूप हसलो. सहा महिन्यांत आमचं पातं थांबलं. मालक रोज सकाळी यायचा, थंड करवतीजवळ उभा राहायचा आणि घरी जायचा. म्हणून या वेळी मी हसलो नाही आणि तुम्ही हसलात, आणि मला तेच जास्त लागलं.

एक पळवाट आहे, ती सांगतो. हुकुमात 'गोल' असं लिहिलंय. चारी बाजूंनी कापून चौकोनी ठोकळा केला तर तो गोल राहत नाही, मग जाऊ शकतो. तसे ठोकळे पाठवले तर पुढच्या फळ्या तुमच्या करवतीवर निघतील. म्हणजे करवत चालेल. अडचण एकच. गिरणी थांबली तेव्हा जुने कापणारे पांगले, आताच्या माणसांना चौकोन काढता येत नाही. एक बाजू जास्त खातात, निम्मं लाकूड भुशात जातं. शिकवायला कुणी हवं. पण दाजी, ज्याच्यावाचून तुमचं अडतं त्याला पाठवू नका. दुसरा कुणी असेल तरच.

शालक

२० एप्रिल

शालकराव,

आवई म्हटलं ते परत घेतो. ते सहा कंटेनर काल वखारीत उतरले. ओळंबा त्यांच्यावरून हात फिरवत होता. एरवी तो कशाला हात लावत बसत नाही.

दुसरा कुणी नाही. ओळंब्यालाच पाठवतो. तीन महिन्यांसाठी. तू 'पाठवू नका' म्हणतोस, ते मला कळतं, पण मोजून बघ: तो इथे राहिला आणि ठोकळेच आले नाहीत, तर मी त्याच्याकडून काय कापून घेऊ, काकडी? तिकडे जाऊन तुझ्या पोरांना चौकोन शिकवील, ठोकळे इकडे येतील, आणि तो परत येऊन ते इथे चिरेल. त्याला ताकीद दिलीय, चार बाजू शिकवायच्या, पाचवी नाही. तो म्हणाला, "शेठ, लाकडाला पाचवी बाजू नसते." मी म्हटलं, फळ्या काढायचं म्हणतोय मी. तो म्हणाला, "मग तसं सांगा ना."

त्याला विमानात भीती वाटणार नाही असं तो म्हणतो. त्याच्या बायकोला वाटतेय. तिनं एक शिसपेन्सिल दिलीय, कानावर ठेवायला, की तिकडची चांगली नसेल.

तुझ्या ताईनं काल विचारलं, "करवत थांबली तर काय होईल हो?" मी म्हटलं, काही नाही, शांतता होईल. ती म्हणाली, "शांतता तुम्हाला सोसत नाही, म्हणून विचारतेय." खरं सांगू? गेल्या इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं, काय करता, तर मी म्हणतो, कापतो. विकतो असं कधी म्हटलं नाही. तुझा मालक थंड करवतीजवळ उभा राहायचा म्हणतोस, मला तसं उभं राहायचं नाही. तेव्हा नीट बघ त्याच्याकडे. त्याला भात लागतो, चहा लागतो आणि कुणी मध्ये बोललं तर राग येतो.

तुझा,
दाजी

१० ऑगस्ट

दाजी,

पाठवायला उशीर झाला, कारण दोनदा लिहून फाडलं.

आधी आनंदाचं. ओळंबा इथे आला, पहिल्या दिवशी गिरणीतल्या करवतीला पाहून म्हणाला, "हिला कुणी धार लावली? शत्रूनं?" दोन दिवस नुसती धार लावत बसला. मग असे चौकोन काढले, की बाकीचे कापणारे जेवणाच्या सुट्टीत बघायला येऊ लागले. ठोकळ्याची एक कड दुसरीला टेकवली तर मधून प्रकाश जात नव्हता. दोन कंटेनर तुम्हाला पाठवले ते हेच.

आता दुसरं. हुकूम पाळतात का ते बघायला एक अधिकारी आला. ठोकळे मोजायचे म्हणून आला आणि मोजायचं विसरला. हात फिरवून म्हणाला, "हे इथे केलं?" आम्ही छाती काढून म्हटलं, इथे. तो म्हणाला, "मग एवढं जमतं तर पुढची फळी इथेच का नाही काढत?" आणि परत जाऊन त्यानं तसंच लिहिलं. ऑक्टोबरपासून जाड ठोकळाही ओंडकाच धरणार. फक्त फळी बाहेर. दाजी, लाकूड वाकडं कापलं असतं तर पळवाट राहिली असती. आपण सर्वांत चांगला माणूस पाठवला आणि त्यानं ती बंद केली.

तिसरं, ज्यासाठी पत्र फाडत होतो. गिरणीच्या मालकानं ओळंब्याला इथेच राहायला सांगितलंय. बायकोला आणायला खर्च, राहायला दोन खोल्या. ओळंब्यानं पाच दिवस उत्तर दिलं नाही. मग मला म्हणाला, "इथे ओंडके आहेत, तिथे नसतील. मी कुठे उभा राहू?" तुम्हाला स्वतः कळवायला त्याचा हात उचलेना, मला लिहायला लावलं. विचारत होता, "शेठ रागावतील का?" मी म्हटलं, रागावतील, मग जेवतील, मग परत रागावतील.

आणि शेवटचं, तेही मीच सांगतो. भाचीनं जूनमध्ये माझ्याकडून एक कंटेनर तयार फळ्या मागवल्या होत्या. मागच्या दारानं उतरवून घेतल्या. सगळ्या खपल्या. दुसरा कंटेनर वाटेत आहे. पोरीला रागावू नका. रागवायचं तर मला रागवा, मी दूर आहे, मला लागत नाही.

तुमचा शालक

१ सप्टेंबर

शालकराव,

रागावलो, जेवलो, परत रागावलो. तू माझ्या जेवणाचा नेमका अंदाज बांधलास, बाकी कुणी नसतं बांधलं.

भाचीचं मला कळलं होतं. कंटेनर मागच्या दारानं उतरवला तरी हमालांच्या तोंडाला मागचं दार नसतं. मी गप्प राहिलो, कारण फळ्या बघायला मीही गेलो होतो. एकटाच. वाजवून पाहिल्या. तुझ्या वसतिगृहाच्या पोरी आता बऱ्या बोलतात.

ओळंब्याला सांग, शेठ म्हणतो राहा. विचारण्यासारखं नाही ते. मी त्याच्या जागी असतो तर पाच दिवस लावले नसते, पाचव्या मिनिटाला बायकोला फोन केला असता. त्याच्या बायकोचं तिकीट माझ्याकडून, हे गिरणीच्या मालकाला कळव, नाहीतर तो वाटेल तसा उपकार चढवील. आणि त्या अधिकाऱ्याला माझा नमस्कार सांग. माझ्या माणसाच्या कामामुळे परक्या देशाचा कायदा बदलला, असं आजवर आमच्या व्यापारात कुणाच्या बाबतीत झालं नसेल.

मध्यंतरी बसून दोन्ही देशांचा विचार केला. आमच्या देशानं बंदी घातली तेव्हा तुझी करवत थांबली, तुमच्या देशानं घातली तेव्हा माझी. मधल्या काळात आम्ही विकणारे होतो ते घेणारे झालो, तुम्ही घेणारे होता ते विकणारे झालात. बंदी दोघांनीही झाडं वाचवायला घातली, आणि झाडांना त्याचं काही कळलं नाही. एवढंच समजलं की कापणारा माणूस ओंडक्याच्या मागे जातो. तू तिकडे गेलास, ओळंबा तिकडे गेला. आमच्याकडचा साग मोठा झाला, की तुमच्याकडचा कुणी इकडे येईल. तेव्हा मी नसेन, त्याला चहा पाजायला भाची असेल.

पातं उतरवतोय. थांबलं असं लिहू नकोस, उतरवलं असं लिही. माणसं कुठे जाणार नाहीत. नऊपैकी चार फळ्यांची प्रतवारी करतील, बाकीची पोरीच्या सांगण्यावरून गोदाम बांधतायत. मालक आता ती आहे, मी वाजवणारा आहे.

काल मात्र शेवटचा ठोकळा मी स्वतः करवतीवर घेतला. सगळ्यांना बाजूला उभं केलं. शिंपीही समोरून आला होता. शेवटची फळी मी काढली, एका दमात, हात न थरथरता. ओळंब्याला सांग, त्याच्या जन्मात निघाली नसती अशी फळी. सुताचा फरक नाही.

तुझा,
दाजी

९ सप्टेंबर

भावा,

हे पत्र मी यांना न सांगता लिहितेय. यांच्या पत्रावर खुशाली लिहायला जागा ठेवलेली नसते, म्हणून वेगळं.

पातं उतरवलं ते खरं. तेल लावून, गोणपाटात बांधून ठेवलंय. उतरवताना चौघं लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी दार उघडायला उशिरा आला. यांनी त्याला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "घड्याळ घे बाबा विकत."

हे रोज वखारीत जातात. पोरगी फळ्यांचे गठ्ठे लावते, हे टेबलाला टेकून प्रत्येक फळीवर बोटानं टकटक करतात आणि तिला सांगतात, ही ठेव, ही परत पाठव. ती त्यांचं ऐकते, आणि दोन ठिकाणी ऐकत नाही. ते त्यांना आवडतं, पण म्हणत नाहीत. भात पूर्वीसारखा जातो. झोप बरी आहे. सकाळी मात्र लवकर उठून खिडकीशी जातात आणि कान देतात. काय ऐकता, विचारलं तर म्हणतात, काही नाही, बघतोय ऐकू येतं का.

ओळंब्याच्या बायकोला माझ्याकडून साडी पाठवतेय, तिला द्यायला विसरू नकोस. त्याला सांग, शेठ रागावलेले नाहीत. त्याच्या भुशाच्या जुन्या पोत्यांना अजून कुणाला हात लावू देत नाहीत, एवढंच.

यांची शेवटची फळी बाहेरच्या खोलीत भिंतीला उभी आहे. आल्यागेल्याला दाखवतात. ओळंब्याच्या जागी आलेला नवा मुलगा पाहून म्हणाला, "वा शेठ." यांच्यासमोर दुसरं काय म्हणणार.

काल हे वखारीत गेल्यावर मी शिवणाची टेप घेऊन तिची जाडी मोजली. एका टोकाला दोन इंच आहे, दुसऱ्या टोकाला सव्वा.

तुझी ताई